जीव लागणे आणि जीव लावणे

१९८५ च्या मार्च महिन्यात क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतज्ञाच्या मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला. जीव वाचला, पण नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली आणि जुन्यांपैकीही बऱ्याचशा पुसल्या गेल्या. त्यानंतरचे त्यांचे जगणे काही सेकंदांच्या तुकड्यांत चालले. बोलता बोलता आधीचे वाक्य नाहीसे होई. ते रोजनिशी लिहीत. तिच्यात वेळ टाकून पुन्हा पुन्हा एकाच आशयाची नोंद करीत, की आपण आत्ता, पहिल्यांदाच, खरोखर जागे झालो आहोत. थोड्या वेळाने ती नोंद त्यांच्या नजरेस पडे, ती आपली नव्हेच अशी त्यांची खात्री असे, म्हणून ते ती खोडत आणि तिच्याखाली तेच पुन्हा लिहीत.

नुसत्या वर्तमानात जगणे म्हणजे काय, याचे याहून टोकाचे उदाहरण माझ्या माहितीत नाही. मागचे ओझे नाही, उद्याची चिंता नाही, मनात केवळ समोरचा क्षण. ज्या अवस्थेची आज व्याख्यानांतून, शिबिरांतून आणि मोबाइलमधल्या ध्यानाच्या ॲपमधून एवढी महती गायली जाते, ती या माणसाच्या वाट्याला अक्षरशः आली होती. तिच्यात शांती नव्हती. रोजनिशीतल्या त्या खोडलेल्या ओळींत दिसते ती पायाखालची जमीन सतत सरकत असलेल्या माणसाची धडपड.

तरीही दोन गोष्टी त्यांच्यापाशी उरल्या. एक म्हणजे संगीत. पियानोसमोर बसले की बोटे चालत, गायकवृंदासमोर उभे केले की ते त्याचे संचालन करू शकत. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची पत्नी डेबोरा. ती खोलीत आली की ते दर वेळी वर्षानुवर्षांच्या ताटातुटीनंतर भेटावे तसे तिच्याकडे धाव घेत, मग ती काही मिनिटांपूर्वीच बाहेर गेलेली का असेना. मेंदूचे अभ्यासक सांगतात, की ‘काय घडले’ याची आठवण आणि ‘कसे करायचे’ याची आठवण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गेली तरी दुसरी टिकू शकते, आणि म्हणून पोहणे, वाद्य वाजवणे यांसारखी हातापायांत मुरलेली कौशल्ये मागे राहतात. पत्नीवरचे प्रेम या दुसऱ्या प्रकारात मोडते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण मला त्या दोन शिल्लक राहिलेल्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण दोन्ही पुष्कळ आधी, रोजच्या उजळणीतून अंगात भिनल्या होत्या. आणखी एक बाब विसरता येत नाही. डेबोरा मध्यंतरी दूर गेल्या, घटस्फोटही झाला. मग त्या परतल्या आणि २००२ मध्ये त्यांनी आपल्या विवाहाच्या शपथांचा पुनरुच्चार केला. क्लाइव्ह यांना त्या क्षणात आनंदाने जगता येई, कारण त्यांचा काल आणि उद्या दुसरे कोणीतरी सांभाळत होते.

‘वर्तमानात जगा’ या उपदेशाविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचे बीज या कहाणीत आहे. हा उपदेश आज जवळजवळ नेहमी एकट्या माणसाला उद्देशून केला जातो. त्याचे मन शांत व्हावे, त्याची झोप सुधारावी, त्याला कामाचा ताण सोसता यावा, असा त्याचा रोख असतो. या सगळ्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की वर्तमानात असण्याची किंमत आपल्या आत मोजता येत नाही. ती समोरच्या माणसापर्यंत काय पोहोचले यावरून मोजावी लागते. नीट प्रेम करणे म्हणजे आपले लक्ष दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, ते सरावाने शिकावे लागते, सरावाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही हे बहुतांशी समाजाच्या व्यवस्था ठरवतात. म्हणून हा प्रश्न मला घराच्या चार भिंतींतला वाटत नाही. तो सार्वजनिक आहे.

मन भरकटते, हे काही नवे नाही. २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांच्या फोनवर दिवसातून अधूनमधून, कोणत्याही क्षणी, प्रश्न पाठवले: आत्ता काय करत आहात, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि कसे वाटते आहे? उत्तरांपैकी ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. हातात कोणते काम आहे यापेक्षा मन कुठे आहे यावरून माणसाच्या आनंदाचा अधिक अंदाज बांधता येत होता. हा अभ्यास सर्वत्र सांगितला जातो, आणि त्यातून नेहमी एकच धडा काढला जातो, की मन आवरा म्हणजे सुखी व्हाल. मला मात्र त्या प्रश्नावलीत नसलेला प्रश्न खुपतो. ज्या क्षणी त्या व्यक्तीचे मन दुसरीकडे होते, त्या क्षणी तिच्यासमोर कोणी बसले होते का? असल्यास त्याला कसे वाटत होते?

त्या समोरच्याला काय वाटते, याचे उत्तर एका वेगळ्याच प्रयोगात मिळते. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई आणि काही महिन्यांचे बाळ यांना समोरासमोर बसवले. आई आधी बाळाशी नेहमीसारखी हसत-बोलत खेळे. मग तिला सांगितले जाई, की आता दोन-तीन मिनिटे बाळाकडे पाहा, पण चेहरा कोरा ठेवा. आई तिथेच असे, तिची नजरही बाळावर असे. फक्त तिच्याकडून काही येत नसे. बाळ प्रथम हसून पाही, मग हात पुढे करी, आवाज काढी, आपल्याला येत असलेल्या साऱ्या युक्त्या एकामागून एक वापरून पाही. काही केल्या उत्तर येत नाही असे दिसले की ते मान वळवी आणि स्वतःत मिटून जाई. भाषा यायच्या कितीतरी आधी माणसाला हजर असणे आणि नुसते उपस्थित असणे यांतला फरक कळतो. तो कळायला मोठे व्हावे लागत नाही. मोठेपणी आपण तो कळल्याचे लपवायला शिकतो, इतकेच.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. मराठीत जीव लागतो आणि जीव लावलाही जातो. लळा लागतो आणि लळा लावावाही लागतो. ‘लागणे’ आपोआप घडते, त्यात कर्तृत्व नाही, थंडी वाजावी किंवा भूक लागावी तसे ते होते. ‘लावणे’ ही कृती आहे, तिला कर्ता लागतो, आणि ती रोज करावी लागते. प्रेमाविषयी जे काही लिहिले, गायले आणि पडद्यावर दाखवले जाते, त्यातला मोठा भाग ‘लागण्या’चा असतो. कोणावर जीव जडला, कसा जडला, जडल्यावर काय काय झाले, यावर आपण कधी थकत नाही. जडलेला जीव पुढची चाळीस वर्षे लावत कसा राहायचा, याबद्दल मात्र आपल्याकडे शब्द तोकडे पडतात, कारण तिथे नाट्य थोडे आणि उजळणी फार असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळेत राहायला बोलावून त्यांचे साधे रोजचे वागणे पाहिले, ते नेमके याच उजळणीसाठी. त्यांना भांडणांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, महत्त्वाचे वाटले ते अगदी बारीक प्रसंग. एक जण खिडकीबाहेर पाहून म्हणतो, ‘तो पक्षी पाहिलास का?’ दुसरा मान वर करतो, किंवा करत नाही. या वाक्याचा विषय पक्षी नसतो. ‘तू आहेस ना?’ असे ते विचारणे असते. गॉटमन यांच्या नोंदींनुसार सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी अशा हाकांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रतिसाद दिला होता आणि विभक्त झालेल्यांनी सुमारे ३३ टक्क्यांना. या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये, कारण प्रतिसाद न मिळाल्याने नाते तुटले की तुटत चाललेल्या नात्यात प्रतिसाद देणेच नकोसे झाले, हे आकडे सांगत नाहीत. पण नाते कशाने बनलेले असते, हे त्यांतून दिसते. ते मोठ्या वचनांनी कमी आणि मान वर करण्याने जास्त बनलेले असते.

हे मी स्वतः फार उशिरा शिकले. काही वर्षांपूर्वी आईचा फोन येई तेव्हा मी बऱ्याचदा संगणकासमोर असे. एका कानाने ऐकत, मधूनमधून ‘हं’, ‘हो का’, ‘बरं’ म्हणत मी हातातले काम पुढे रेटत असे आणि आपण आईला वेळ देतो याचे समाधानही मानत असे. एकदा ती एक गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबली. मग अगदी साध्या सुरात म्हणाली, ‘तू कामात आहेस बाळा. ठेवते मी.’ त्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागले. पुढच्या काही महिन्यांत तिचे फोन आखूड होत गेले. तब्येत बरी आहे, औषधे घेते, तू जेवलीस का, ठेवते. तिने हाक मारणे कमी केले होते. प्रयोगातल्या त्या बाळाने मान वळवावी, तसेच हे मान वळवणे होते, फक्त सभ्य आणि प्रौढ, म्हणून मला ते कितीतरी दिवस दिसलेही नाही.

इथे एका गैरसमजाकडे वळायला हवे. वर्तमानात असणे म्हणजे मागचे-पुढचे सोडून देणे, असे सर्रास सांगितले जाते. ज्या परंपरेतून हा विचार जगभर पसरला तिचा मूळ शब्द मात्र वेगळेच सांगतो. पालीतील ‘सति’ म्हणजे संस्कृतातील ‘स्मृती’. ज्याला आज सजगता म्हणतात, त्याच्या मुळाशी आठवण्याचा धातू आहे. १९७९ मध्ये जॉन काबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याने अनेक रुग्णांना वेदना सोसण्याचे बळ दिले, हे खरे. पण पुढे बाजारात जे उतरले त्यात श्वास राहिला आणि स्मृती गळाली. प्रेमात तर स्मृतीवाचून पाऊल टाकता येत नाही. आज समोरच्याचा आवाज उतरला आहे, हे मला कधी कळेल? काल तो कसा होता हे मी जपून ठेवले असेल तेव्हाच. एखाद्या प्रश्नाला तो टाळाटाळ करतो आहे हे ओळखायचे, तर गेल्या वर्षी त्याच प्रश्नाने तो दुखावला होता याची आठवण हवी. आणि वचन म्हणजे तर उद्याला आज दिलेला शब्द. क्षणात पूर्ण हजर असलेल्या माणसाजवळ समोरच्याचा सारा भूतकाळ हाताशी असतो. तो त्यात अडकलेला नसतो, एवढाच फरक.

अखंड लक्ष देणे कोणाला जमत नाही, हेही मान्य केले पाहिजे. हे मान्य न केल्याने प्रेमळ माणसेच स्वतःला सर्वाधिक छळतात. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या निरीक्षणांत असे दिसले, की निरोगी, मायेच्या नात्यांतही आई आणि बाळ यांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. बाळ हसते तेव्हा आई दुसरीकडे पाहत असते, आई खेळायला येते तेव्हा बाळ थकलेले असते. नाते घडते ते सूर पुन्हा पुन्हा जुळवून घेण्याने. चुकलेली हाक मागाहून ओळखणे, ‘मघाशी तू काहीतरी सांगत होतास, माझे लक्ष नव्हते, पुन्हा सांग’ असे म्हणणे, हे मला प्रेमाच्या कौशल्यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित अंग वाटते. त्यासाठी आपण हजर नव्हतो हे आधी कबूल करावे लागते. रागावर क्षमा मागणे आपल्याला जमते, कारण राग दिसतो. दुर्लक्षाबद्दल क्षमा मागण्याची मात्र आपल्याला सवय नाही. ते घडल्याचा पुरावाच कुठे राहत नाही.

हे शिकवता येते का? एका मर्यादेपर्यंत येते, असे माझे उत्तर आहे, पण कसे शिकवायचे यात पुष्कळ फरक पडतो. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात सजगतेचे पाठ घेतलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्यात, नेहमीचे भावनिक-सामाजिक शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत, अधिक सुधारणा आढळली नाही. सर्वांनी डोळे मिटा आणि स्वतःच्या श्वासाकडे पाहा, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सांगून फारसे काही हाती लागले नाही. याच्या शेजारी कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला उपक्रम ठेवून पाहावा. त्यात शेजारपाजारची एखादी आई किंवा वडील आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन वर्षभर ठरावीक अंतराने वर्गात येतात. मुले चटईभोवती बसतात आणि बाळाकडे पाहतात. ते का रडले असेल, त्याला आता काय हवे असेल, मागच्या वेळेपेक्षा त्याला नवीन काय येऊ लागले आहे, याचा मुले अंदाज बांधतात. इथे डोळे उघडे आहेत, समोर कोणीतरी आहे, आणि आधीच्या भेटीची आठवण ठेवल्याशिवाय भागत नाही. प्रेमाचे शिक्षण या दिशेने जायला हवे, असे मला वाटते. आजारी माणसाजवळ कसे बसावे, दुःखात असलेल्याला कोणता प्रश्न विचारू नये, ऐकताना मध्येच आपली हकीकत सुरू करण्याचा मोह कसा आवरावा, या गोष्टी पोहण्याइतक्याच शिकवण्याजोग्या आहेत. त्या घरोघरी आपोआप शिकल्या जातात असे आपण गृहीत धरले आहे. ज्या घरात त्या नसतात तिथल्या मुलाने मग त्या कुठून आणाव्यात?

आता सार्वजनिक व्यवस्थांविषयी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत दाखल झालेल्या लहान मुलांना आईवडिलांनी भेटायचे ते आठवड्यातल्या मोजक्या तासांत, काही ठिकाणी त्याहूनही कमी. यामागचा तर्क वरकरणी वाईट नव्हता. संसर्गाची भीती होती, आणि शिवाय असा अनुभव होता, की आईवडील येऊन गेले की मुले रडून आकांत करतात. ते आले नाहीत तर ती काही दिवसांत ‘रुळतात’. जेम्स रॉबर्टसन या सामाजिक कार्यकर्त्याने त्या रुळण्याकडे बारकाईने पाहिले. त्याला तीन अवस्था दिसल्या: आधी आक्रोश, मग खिन्नता, आणि शेवटी अलिप्तता. ज्या शांततेला परिचारिका आणि डॉक्टर रुळणे म्हणत होते ती ही तिसरी अवस्था होती. मूल आता आई आली तरी तोंड फिरवून घेई. १९५२ मध्ये त्याने दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांची चित्रफीत डॉक्टरांपुढे दाखवली, तेव्हा अनेक जण संतापले. पण ती विसरता येण्याजोगी नव्हती. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरची बंधने काढून टाकावीत, अशी शिफारस केली, आणि ती प्रत्यक्षात यायलाही पुढे बरीच वर्षे गेली.

मला या घटनेचे महत्त्व फार वाटते, कारण तिच्यात कोणाच्या प्रेमात खोट नव्हती. दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला ‘क्षणात जगायला शीक’ असे सांगून काय उपयोग होता? ती शिकलेलीच होती. अडले होते ते भेटीच्या वेळांच्या पाटीपाशी. ती पाटी बदलायला चित्रफीत लागली, समिती लागली, अहवाल लागला. आणि साठ वर्षांनी, २०२० च्या साथीत, जगभरातल्या रुग्णालयांची दारे पुन्हा बंद झाली. मरणाऱ्या माणसांनी पडद्यावर निरोप घेतले. तो निर्णय भीतीच्या काळात, जीव वाचवण्यासाठी घेतला गेला होता, आणि तो घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण जवळच्या माणसाचे शेजारी असणे हा उपचाराचा भाग मानायचा की पाहुण्यांची सोय, हे त्या आधी आपण कुठेही नीट ठरवून ठेवले नव्हते. ते आता शांतपणे ठरवायला हवे, आणि उपचाराचा भाग म्हणूनच ठरवायला हवे.

रुग्णालयाहून मोठी पाटी कामाच्या तासांची. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांतील कामाची मर्यादा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवली, तेव्हा त्यात थकलेल्या शरीराबरोबर घरच्या माणसांचाही विचार होता. शंभर वर्षांत ती मर्यादा कागदावर राहिली आणि फोनच्या वाटेने फुटली. काम संपले तरी निरोप संपत नाहीत, आणि माणूस घरी बसून कामावर हजर व घरी गैरहजर असतो. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काविषयी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. या कायद्यांत पळवाटा आहेत, आणि ज्याला उद्या नोकरी राहील की नाही याची धास्ती आहे तो हक्क असूनही फोन उचलतो. तरीही रात्रीच्या निरोपाला उत्तर न देणे हा आळस नाही, असे राज्याने लिहून देणे मला मोलाचे वाटते.

लक्ष हीच टंचाईची वस्तू ठरेल, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगितले होते. माहितीची रेलचेल झाली की अवधानाचा दुष्काळ पडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २००६ मध्ये पडदा खाली सरकवत राहावे आणि शेवट कधी येऊच नये अशी रचना आली, आणि थांबण्याची जी जागा पान संपल्यावर आपोआप मिळत असे तीही गेली. शेकडो अभियंते ज्या यंत्राने आपले लक्ष धरून ठेवण्यासाठी राबतात, त्याच्यापुढे एकट्या माणसाच्या मनोनिग्रहाला उभे करणे अन्यायाचे आहे.

आणि हे सारे सर्वांना सारखे भोवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी काळजीकामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. मुलांचे, वृद्धांचे, आजाऱ्यांचे करण्याला आपण प्रेम म्हणतो, आणि ते बऱ्याचदा प्रेम असतेही. पण एकाच घरात एकीच्या हातांनी सारी उस्तवार करायची आणि दुसऱ्याने निवांतपणे वर्तमानाचा आस्वाद घ्यायचा, याला मी नीट प्रेम करणे म्हणणार नाही. जिच्या डोक्यात उद्याचे डबे, परवाची औषधे आणि महिनाअखेरची देणी यांची यादी सतत चालू असते, तिचे मन भरकटते ते दुबळे असते म्हणून नव्हे. घरातल्या इतर सर्वांचा उद्या ती एकटी वाहते आहे. गरिबीचेही असेच. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुलाइनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी कापणीआधी हातात पैसा नसताना आणि कापणीनंतर तो आल्यावर, अशी दोनदा घेतली. तीच माणसे आधीच्या चाचणीत कमी पडली. टंचाई असते तोवर ती मनाचा एक भाग अडवून ठेवते. अशा माणसाला क्षणात जगण्याचा उपदेश करण्याआधी त्याच्या क्षणात आणखी कोण कोण घुसले आहे, ते पाहावे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. सवड देऊन प्रेम येते का? रजा वाढवली, फोन बंद ठेवण्याचा हक्क दिला, भेटीच्या वेळा खुल्या केल्या, तरी मिळालेल्या वेळात माणूस पुन्हा पडद्यातच डोके घालील. आक्षेप खरा आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. त्यामुळे एकाकीपणा हटला असे कोणी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात आहे. कायदा कोणाला जीव लावायला भाग पाडू शकत नाही. तो फक्त दार उघडे ठेवू शकतो, आणि आतमध्ये जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण प्लॅट समितीनेही एवढेच केले होते. तिने कोणत्याही आईला माया शिकवली नाही. ज्या मुलांना शहाणी, रुळलेली समजले जात होते ती पुन्हा मोठ्याने रडू लागली, आणि रुग्णालयांना त्या रडण्याची सवय करून घ्यावी लागली.

म्हणून दोन्ही बाजूंनी काम करावे लागेल, असे मला वाटते. व्यवस्थेकडे तासांचा, रजेचा, भेटीच्या वेळांचा, यंत्रांच्या रचनेचा हिशेब मागायचा. आणि मिळालेल्या प्रत्येक अर्ध्या तासात, तो नियमाने मिळालेला असो की झगडून काढलेला, मान वर करण्याचा सराव करायचा. यातले एक झाल्यावर दुसरे करू म्हणून थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची वाट पाहणारी माणसेही पाहिली आहेत.

आईच्या फोनच्या वेळी हल्ली मी संगणक बंद करून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. पहिले काही आठवडे त्याने काहीच फरक पडला नाही. तब्येत बरी आहे, औषधे घेते, ठेवते, हेच चालू राहिले, आणि तिला पुन्हा विश्वास वाटायला वेळ लागणार हे मला स्वीकारावे लागले. मागच्या महिन्यात तिने तिच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. ती मी आधी निदान तीनदा ऐकलेली होती, निदान मला तसे वाटत होते. या वेळी तिच्यात एका मैत्रिणीचे नाव आले, जे मी कधीच ऐकले नव्हते. किंवा ते आधीही येत असेल. मी विचारले, ही कोण? पलीकडे क्षणभर शांतता झाली, आणि मग आई त्या मैत्रिणीविषयी पाऊण तास बोलली.